आकृतीत न काढलेली तंतुकणिका

२ ऑगस्ट

चि. वकीलसाहेब यांस,

मावशीचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा मिळालं. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, तुम्हीही तसेच असाल. असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. आता कामाचं बोलू.

पहिल्या चाचणीत विज्ञानात तुझी दांडी उडाली हे तुझ्या आईने फोनवर सांगितलं. 'पेशी म्हणजे काय' या प्रश्नाला तू 'पेशी कोणी पाहिली आहे का?' असं उत्तर लिहून आलीस, हेही सांगितलं. सांगताना रागावली होती, पण मध्येच हसूही आवरेना तिला. मी तुला वकील हे नाव उगीच दिलेलं नाही. गेल्या वर्षी तुझे बाबा आणि माझी धाकटी बहीण नोंदणी कचेरीत लग्नाच्या सह्या करत होते, तेव्हा तू टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याला विचारलं होतंस, "माझी सही कुठे घेणार? एकत्र राहणार तर मी पण आहे." बिचाऱ्याने खरंच रकाना शोधला.

फोनवर समजावलं तर तू हो-हो म्हणतेस आणि नजर टीव्हीवर असते. म्हणून मी पत्रातून शिकवावं, आकृत्यांसकट, असं तुझ्या आईने ठरवलं. तिने ठरवलं की झालं.

तर, पेशी कोणी पाहिली आहे का? मी पाहिली आहे, माझी स्वतःची. तू पण बघ. दातकोरणीचं बोथट टोक घ्यायचं, गालाच्या आतून हलकेच फिरवायचं, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पुसायचं, निळ्या रंगाचा एक थेंब टाकायचा आणि वर झाकणकाच ठेवायची. माझ्या वर्गात दर वर्षी प्रत्येक मुलीला मी हे करायला लावते. पुस्तकातली पेशी गोल गरगरीत असते. तुझी तशी दिसणार नाही. नुकतं कोणीतरी झोपून उठलेल्या चादरीसारखी चुरगळलेली, आणि मध्ये एक गडद ठिपका. कांद्याचा पापुद्रा बघशील तर तिथे मात्र विटा रचल्यासारखी शिस्त असते, कारण वनस्पतींच्या पेशीला पटलाच्या बाहेर आणखी एक भिंत असते. आपल्याला नसते. आपल्याला नुसतं पटल, आणि ते काय आत घ्यायचं, काय बाहेर ठेवायचं हे ठरवत बसलेलं असतं. फार शहाणं असतं म्हणे.

गडद ठिपका म्हणजे केंद्रक. त्याला पुस्तकवाले पेशीचा साहेब करून टाकतात. मला ते पटत नाही. घरात एक माणूस असा असतो की ज्याला कात्री कुठे, औषध कुठे, कोणाचा वाढदिवस कधी हे सगळं ठाऊक असतं, आणि तो आजारी पडला की घर अडतं. केंद्रक तसं. भोवतीचं पातळ, चिकट पेशीद्रव्य म्हणजे घरातली मोकळी जागा. तीत ये-जा करायला जाळीदार बोळ, म्हणजे आंतर्द्रव्यजालिका. बांधाबांध करून सामान रवाना करणारे गॉल्जी, झाडलोट करणाऱ्या लयकारिका, साठवणीच्या रिक्तिका. आकृती मागे काढली आहे. नावं तू घाल.

शेवटी तू विचारलंस की आईच्या पोटातलं बाळ आत्ता किती पेशींचं आहे. मोजता येणार नाही इतक्या. पण सुरुवात एकीपासून. एकीच्या दोन, दोनाच्या चार. तूही अशीच झालीस, मीही, माझी खारूही.

खारू बरी आहे. मी शाळेतला सूक्ष्मदर्शक चार दिवसांसाठी घरी आणला आहे, तिला पलंगावर बसून बघता येईल असा. तुझी चौकशी करते.

तुझी,
मोठी मावशी

१७ ऑगस्ट

चि. वकीलसाहेब,

आशीर्वाद. नोटीस मिळाली. "मावशींच्या आकृतीत तंतुकणिका नाही. पुस्तकात आहे. दोन गुणांना येते. खुलासा व्हावा."

खुलासा असा लिहिणार होते की शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून तंतुकणिका दिसत नाही आणि जे दिसत नाही ते मी काढत नाही. मग तुझं उत्तरही मीच मनात ऐकलं. मग लयकारिका कुठे दिसते, मावशी? गॉल्जी कुठे दिसतो? तेव्हा तो खुलासा मागे घेते. राहून गेली, एवढंच.

वर्गातही राहून गेली. फळ्यावर आकृती पूर्ण करून मी हात झटकले, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, पेशीचं ऊर्जाघर?" आणि सगळा वर्ग एका सुरात, "तंतुकणिका म्हणजे पेशीचे ऊर्जाघर." हे एक वाक्य कसं कोण जाणे, सगळ्यांना पाठ असतं. मी खडू उचलला आणि ठेवून दिला. पाणी पिऊन येते म्हणून बाहेर गेले. नळापाशी आमचे पर्यवेक्षक उभे होते. म्हणाले, "बाई, तास सुटला का?" मी हो म्हटलं. तास सुटायला अजून अर्धा वेळ बाकी होता, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं.

तर घे लिहून. लांबट, दोन्ही टोकांना गोलसर. बाहेरचं आवरण गुळगुळीत, आतल्याला घड्या घड्या. तू खाल्लेलं अन्न आणि छातीत घेतलेला श्वास यांची गाठ इथे पडते आणि ऊर्जा तयार होते. तिला एटीपी म्हणतात. जिथे कष्ट जास्त तिथे तंतुकणिका जास्त. मेंदूत, हृदयात, पायांच्या स्नायूंत, पापणी उचलणाऱ्या इवल्या स्नायूतसुद्धा. दिवसभर पापणी उघडी ठेवणं हे काम आहे, हे आपल्या कधी ध्यानातही येत नाही.

आता एक गोष्ट सांगते. ती दोन गुणांची नाही, तुझी आहे. शरीरातलं बहुतेक सगळं अर्धं वडिलांकडून आणि अर्धं आईकडून येतं. तंतुकणिका तेवढ्या आईकडूनच येतात. त्यांचा डीएनएही वेगळा, केंद्रकातल्यापेक्षा निराळा, आणि तो आईकडून लेकीला, लेकीकडून तिच्या लेकीला असा जातो. म्हणजे तुझी जी आई तू तीन वर्षांची असताना गेली, जिचा चेहरा आठवत नाही म्हणून तू मागे एकदा माझ्याजवळ रडली होतीस, तिच्या तंतुकणिका तुझ्या पेशीपेशीत आहेत. तू जिना चढतेस ती तिच्याच जोरावर. हे मी तुझी समजूत काढायला लिहीत नाही. पुस्तकात बघ, मोठ्या वर्गाच्या पुस्तकात आहे.

तू धडधाकट आहेस, वकीलसाहेब. पळत जा.

खारूचं बरं चाललं आहे. आजी तुला आशीर्वाद सांगते.

मोठी मावशी

३० ऑगस्ट

प्रिय धाकटे,

हे पत्र तुला आहे. वकिलाला देऊ नकोस, आणि उभ्या उभ्या वाचू नकोस.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहिणार होते. हात वळणावर गेलाच होता.

तुझ्या लेकीचं पत्र काल आलं. पेशीचा धडा पाठ झाला म्हणते. खाली तिने हिशेब मांडला आहे: "माझ्या तंतुकणिका माझ्या पहिल्या आईच्या. बाळाच्या आपल्या आईच्या. म्हणजे आजीच्या, तुमच्या आणि खारूच्या पण त्याच. म्हणजे बाळ आणि खारू सेम. बरोबर का? आईला दाखवलं तर आई म्हणाली, बाळाचे डोळेही आपल्यासारखेच झोपाळू होऊ देत म्हणजे मिळवलं."

बरोबर आहे. पैकीच्या पैकी.

धाकटे, खारूच्या मेंदूला सूज आली होती, जंतुसंसर्ग होता, आता उतरतो आहे असं आम्ही तुला सांगितलं. तसं काही नाही. तिच्या तंतुकणिकांत दोष आहे. त्यांच्या डीएनएत एक अक्षर बदललेलं आहे. म्हणून ती जिन्यात बसायची, म्हणून खेळाच्या बाईंनी तिला आळशी म्हणून मैदानाबाहेर काढलं, म्हणून त्या दिवशी जेवताना तिच्या हातून चमचा पडला आणि मग तिला चमचा हा शब्दही सापडेना. शब्द परत आला. डावा हात पुरता आला नाही. पुन्हा असं होणार, आणि दर खेपेला थोडं थोडं जाणार. औषध नाही. देतात ती जीवनसत्त्वं.

हे सांगायला डॉक्टरांनी मला खुर्ची दिली आणि कागदावर एक आकृती काढायला घेतली. लांबट, टोकांना गोलसर, आत घड्या. मी म्हटलं, ही तंतुकणिका. ते थबकले. "तुम्ही शिक्षिका का? अरे वा, मग तुम्हाला सांगायला सोपं आहे." आणि खरंच सुटल्यासारखे मागे टेकले. वीस वर्षं मी ही आकृती काढते आहे. नीट नामनिर्देश केला नाही म्हणून पोरींचा अर्धा गुण कापते आहे. माझी इतकी पाठ असलेली गोष्ट मला अशी कोणी परत शिकवेल असं वाटलं नव्हतं.

मग त्यांनी माझं रक्त घेतलं. माझ्यात तेच अक्षर आहे, कमी प्रमाणात. मग आईचं. तिच्यातही.

आपले डोळे, धाकटे. अर्धे मिटलेले, आईचे, तुझे, माझे. शाळेत आपल्याला झोपाळू म्हणून तोंड धुवून यायला पाठवायचे. तू धुवून यायचीस आणि तशीच दिसायचीस, आणि बाई हात जोडायच्या. आई म्हणायची, या डोळ्यांवरच तर तुमचे बाबा भाळले. घरात कोणी ते कधी आजार म्हणून पाहिले नाहीत. डॉक्टरांनी आईकडे एकदाच पाहिलं आणि विचारलं, "पापण्या अशा कधीपासून? ऐकू कधीपासून कमी येतं? साखर कधीपासून?" आईने प्रत्येकाचं वर्ष सांगितलं. म्हातारपण समजत होतो आपण. बारीकसारीक तुकड्यांत सगळं आपल्यासमोरच होतं.

ते म्हणाले, एकाच आईच्या लेकींत हे असतंच, कोणात किती ते मात्र सांगता येत नाही. आईत थोडं, माझ्यात थोडं, खारूत पुष्कळ. बीजात कोणत्या तंतुकणिका किती उतरल्या, त्यावर सगळं. मी विचारलं, "माझी बहीण?" ते म्हणाले, "त्यांच्यातही असणार. बघावं लागेल." मी म्हटलं, "तिला दिवस गेलेत." किती महिने झाले ते त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "लवकर कळवा. फार पुढे गेल्यावर काहीच हातात राहत नाही."

घरी येऊन आईला मोठ्याने सांगावं लागलं. अशी गोष्ट ओरडून सांगायची, धाकटे, पलीकडच्या खोलीत खारू असताना. आई म्हणाली, "तिला कळवायचं नाही."

"आई, तिने तपासून तरी घ्यायला हवं."

"आणि मग काय करायचं तिने? आहे म्हणाले तर? सांग ना, तू शिकलेली आहेस."

मी पलीकडच्या खोलीचं दार लोटून घेतलं.

"चाळिशीला आली पोर," आई म्हणाली. "पहिल्यांदा तिच्या हसण्याचा आवाज मला फोनवर ऐकू येतो. तेवढा तरी येऊ दे."

तेव्हापासून आई आरशासमोर उभी राहते आणि एका बोटाने पापणी वर धरते. एक, मग दुसरी. मी दारातून पाहिलं तर म्हणाली, "अशी असते का गं लोकांना? एवढं सगळं दिसतं?" खारूच्या खोलीत ती आता जात नाही. दूध गरम करते, पेला माझ्या हातात देते. मी खूप सांगितलं, की यात तुझं काय चुकलं, तू काय ठरवून दिलंस. ती म्हणते, "दिलं तर मीच ना." शास्त्राच्या दृष्टीने याला खोडून काढायला माझ्याजवळ काही नाही.

तेव्हा आईचं ऐकून मी गप्प बसले असं म्हणायची सोय आहे. पण तसं नाही. मीच गप्प बसले. दर आठवड्याला फोनवर तू मळमळ, आंबट, बाळाच्या खोलीसाठी पडदा हे सांगत होतीस आणि मी हूं हूं म्हणत होते, आणि तुझ्या लेकीला पेशी शिकवताना एक गोष्ट गाळत होते. वाटलं, ती गाळली तर घरात येणार नाही. चौदा वर्षांच्या पोरीने दोन पत्रांत पकडलं.

आता तुला काय सांगायचं ते सांगते, नीट ऐक. तुझं रक्त आणि लघवी तपासता येते. पोटातल्या बाळाचीही तपासणी होते, थोडी पुढच्या आठवड्यांत. पण उत्तर हो किंवा नाही असं येत नाही. प्रमाण येतं. अगदी थोडं आलं तर डॉक्टर हसतील. पुष्कळ आलं तर गप्प होतील. मधलं आलं तर? असं मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "मधलं आलं तर आम्हालाही कळत नाही हो." मग तुम्हा दोघांनाच ठरवायचं आहे. तू काय ठरवावंस हे मला माहीत नाही. मला कोणी आधी विचारलं असतं तर मी खारूला येऊ दिलं असतं का, याचं उत्तर मी रोज देते आणि रोज निराळं येतं. काही दिवशी ते मला उच्चारवतही नाही.

तुला वाटेल, मोठी काहीतरी धीराचं लिहील. मी शोधलं, धाकटे. नाही सापडलं.

सूक्ष्मदर्शक घरी आणला होता ते वकिलाला लिहिलं होतं. पुढचं लिहिलं नाही. खारूने उजव्या हाताने स्वतःच गालातून खरवडून काचपट्टी केली. रंग जरा जास्त पडला. मी उशी लावून तिला बसवलं आणि भिंग जुळवून दिलं. ती कितीतरी वेळ डोळा लावून बसली. मग म्हणाली, "आई, ही तर छान आहे की. सगळं आहे हिच्यात. मग डॉक्टर कुठे बघतात?"

मी वाकून पाहिलं. खरंच छान होती. कडा स्वच्छ, मधोमध केंद्रक, कुठे काही बिघडलेलं नाही. इतकी सुरेख काचपट्टी माझ्या वर्गात कोणाची झाली नव्हती. या सूक्ष्मदर्शकातून ते दिसत नाही गं, एवढंच सांगायचं होतं मला. ती म्हणाली, "वकीलताईला पाठवू या?" आणि ती काचपट्टी तिने कापसात गुंडाळून डबीत ठेवली आहे. बाळ आलं की त्याचीही करू म्हणते. शेजारी शेजारी ठेवून बघू म्हणते.

म्हणून हे लिहिलं. नाहीतर कदाचित आजही लिहिलं नसतं.

पत्र शाळेत जाताना टाकते. आईला सांगितलेलं नाही. आज नववीच्या वर्गावर तो अर्धा राहिलेला तास घ्यायचा आहे. फळ्यावर तंतुकणिका काढीन, मोठी, सगळ्या घड्यांसकट, आणि पोरी एका सुरात ते वाक्य म्हणतील. म्हणू देत.

तुझ्या हातात हे पडेल त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आमच्या डॉक्टरांचा नंबर मागे लिहिला आहे, तुझ्या डॉक्टरांचं त्यांच्याशी बोलणं करून दे. नंतर मला फोन कर. बोल नाहीतर बोलू नकोस, शिव्या दे, मी धरून बसेन. आईला ऐकू जायचं नाही. खारूला जाईल, पण तिला आताशा आमच्या गप्प बसण्याचाच जास्त त्रास होतो.

तुझं हसणं बंद करणारी मीच. आईच्या पोटची, तुझ्याइतकीच,

मोठी